आईचे डोळे आले तेव्हा

घाटकोपरच्या ज्या सेंटरमध्ये मी अजूनही वर्षातून एकदा माझा कान तपासून घ्यायला जाते, तिथे एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते. नवीन आईबाप आले की त्यांना वाटतं, कुणीतरी चुकून तशी ठेवलीय, आणि ते ती सरळ करायला जातात. मग रेगे मॅडम, ज्यांचे केस आता पार पांढरे झालेत पण जिभेची धार तशीच आहे, कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणतात, "राहू दे हो ती तशीच. आईची खुर्ची आहे ती." आईबाप एकमेकांकडे बघतात. मी कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसते. ती खुर्ची माझ्या आईमुळे फिरली, आणि ती फिरली म्हणून मी आज मुलुंडच्या एका बँकेत काउंटरवर बसून दिवसभर लोकांशी हुज्जत घालू शकते. आत्मचरित्र म्हातारपणी लिहावं म्हणतात आणि माझी तर नुकती कुठे तिशी उलटलीय. पण आमची आत्या आता पंचाहत्तरीला टेकलीय आणि ही गोष्ट सांगताना दर वेळी त्यात स्वतःचं श्रेय थोडं थोडं वाढवतेय. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं एकदा.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाबा ट्रॉम्बेला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. आई मालवणकडची. मी जन्मापासून बहिरी. हे घरच्यांना कळायला दीड वर्ष गेलं, कारण मी इतकी शांत झोपायची की शेजारपाजारचे म्हणायचे, काय गुणी पोर आहे. कुकरच्या शिट्टीने जी उठत नाही, दारावर धपाधपा वाजवलं तरी जी उठत नाही, ती गुणीच म्हणायची. मग डॉक्टर झाले, दोन्ही कानांमागे मशिनं झाली, त्यांनी ढोलताशे तेवढे पोचायचे. आणि पाचवं लागायच्या सुमाराला माझं ऑपरेशन झालं. कानाच्या मागे, कातडीच्या आत, एक यंत्र बसवलं आणि त्याची बारीक तार कानाच्या गाभ्यापर्यंत नेली. बाहेर कानावर अडकवायचा एक तुकडा आणि त्याला जोडलेली, लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी चकती. त्या सगळ्याला आमच्या घरात "कान" म्हणायचे. कान घातलास का? अंघोळीला जाताना कान काढ. एकदा मी तो लोखंडी कपाटाला चिकटवून ठेवला आणि सगळं घर पलंगाखाली कान शोधत होतं.

आता लोकांना वाटतं की ऑपरेशन झालं म्हणजे ऐकू आलं. तसं नसतं. ऑपरेशनने तार आत जाते, बस. त्या तारेवर ओळीने ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला किती करंट द्यायचा ते बाहेरून कॉम्प्युटरवर बसवावं लागतं. कमीत कमी किती दिला की जेमतेम कळतं, आणि जास्तीत जास्त किती दिला तरी सोसवतं. याला मॅपिंग म्हणतात. ते एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. आणि हे कळतंय, हे सोसवतंय, हे सांगणार कोण? तर पाच वर्षांची पोर, जिला ऐकू येणं म्हणजे नक्की काय हेच ठाऊक नाही. हल्ली यंत्रं बरंचसं स्वतःच मोजून घेतात. तेव्हा मॅडमची सगळी भिस्त माझ्यावर होती.

पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा आत्या पेढे घेऊन हजर होती. सगळ्यांची अपेक्षा अशी की मी आता वळेन, हसेन, "आई" म्हणेन. मला आठवतंय ते एवढंच की डोक्याच्या आत कुणीतरी टकटक केलं, आणि बाहेर बघावं तर कुणीच हात लावलेला नाही. मी भोकाड पसरलं. बाबांनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून दिला. हे सगळं मला आठवतं असं मी म्हणते खरी. त्यातलं काही खरंच आठवतं आणि काही आईने सांगून सांगून पक्कं झालंय. कुठलं कुठलं ते आता मलाही सांगता यायचं नाही.

मॅडमनी आईला एकच काम दिलं होतं: बोला. जे कराल ते बोला, जे दिसेल ते बोला, दिवसभर बोला. मूल जन्मल्यापासून वर्षभर नुसतं ऐकतं आणि मग बोलतं. हिची ती वर्षं भरून काढायचीत. दुसरी कुणी बाई असती तर तिला हे सोपं गेलं असतं. माझी आई म्हणजे घुमी. तिच्या माहेरी म्हणे बायका जेवण वाढतानाही हातानेच विचारायच्या, अजून हवं का. लग्नानंतर दोन वर्षं बिल्डिंगमधल्या बायकांना तिचा आवाज माहीत नव्हता. आणि ही बाई सकाळी सहापासून सुरू व्हायची. "हे बघ, दूध तापतंय. दूध वर आलं. गॅस बारीक केला. आता आपण भेंडी पुसतोय. भेंडी बुळबुळीत आहे. भेंडी चिरतोय. कढईत तेल. तेलात मोहरी." बांगड्याला मसाला लावताना बांगडा, त्याचं डोकं, त्याचं शेपूट, हळद, तिखट, कोकमाचं आगळ, सगळं सगळं. मधेच श्वास घ्यायची आणि पुन्हा चालू. समोरच्या जिग्नाबेन दारातून म्हणायच्या, "अनघाची आई, तुमचा रेडिओ बंध पण होते की नाय?" आई लाजायची आणि ते लाजणंही मला सांगायची, "आई लाजली."

आता आत्याबद्दल. बाबांची मोठी बहीण, पार्ल्याला राहायची, घरीच स्कॉलरशिपचे क्लास घ्यायची. आमचे आजोबा गिरणीत होते आणि त्यांनी आपल्या मुलांना जिन्याखालच्या दिव्यात बसवून शिकवलं, हे आमच्या घरात देवाच्या आरतीसारखं म्हटलं जातं. त्यामुळे आमच्यात कुणी कुठल्याही परीक्षेला तयारीशिवाय बसत नाही. ड्रायव्हिंगच्या टेस्टच्या आदल्या दिवशी आत्याने बाबांची तोंडी घेतली होती. मॅपिंगला माझ्याकडून काहीतरी करून घेतात, आणि त्यावर मॅडम काहीतरी लिहून ठेवतात, हे कळल्यावर तिला राहवेना. ती आमच्याबरोबर सेंटरला आली आणि मॅडमना म्हणाली, "पुढच्या वेळी काय विचारणार आहात ते आधी सांगून ठेवाल का? तेवढी तयारी होईल."

"विचारायचं काही नसतं," मॅडम म्हणाल्या. "आवाज आला की हिने मणी डब्यात टाकायचा. इतकंच."

"इतकंच ना," आत्या म्हणाली. "मग बघते मी."

आणि मग आमच्या स्वयंपाकघरात क्लास सुरू झाला. मधे पाटावर मी, हातात राजम्याचा दाणा, दाणा गालाला टेकवून धरलेला. पुढ्यात बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. समोर आई, कारण आई दिसली नाही की मी रडायचे. आणि माझ्या पाठीमागे आत्या, वाटी आणि चमचा घेऊन. आत्या चमचा वाजवणार, मी दाणा टाकणार, टाकला की आईकडे बघणार, आई हसून टाळ्या वाजवणार. चुकलं तर आत्या पुढे येऊन बोट हलवणार आणि पुन्हा पहिल्यापासून. शनिवार-रविवार आत्या, बाकीचे दिवस बाबा कामावरून आले की ते. पंधरा दिवसांत मी तयार झाले. एकही दाणा चुकेना. आत्या पार्ल्याला तिच्या मुलांना माझं उदाहरण द्यायला लागली.

आता मी काय करत होते ते सांगते. मला वाटीचा आवाज येत होता का? कधी यायचा थोडा, कधी नाही. पण त्याच्या आधी मला आई दिसायची. पाच वर्षं मी त्या चेहऱ्यावरच जगले होते. दूध उतू जातंय, दारात कुणी आलंय, बाबा वैतागलेत, आता आपल्याला मार बसणार आहे, हे सगळं मला आईच्या चेहऱ्यावरून कळायचं. आणि आत्याचा चमचा वाटीला लागायच्या क्षणी त्या चेहऱ्यावर काहीतरी व्हायचं. श्वास थांबायचा, डोळे किंचित मोठे व्हायचे, टाक बाय, टाक, असं सगळं त्या डोळ्यांत यायचं. आईला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. मला मात्र वाटायचं, खेळ हाच आहे. आईचे डोळे कधी मोठे होतात ते पकडायचं आणि दाणा टाकायचा. यात लबाडी काही नव्हती. मला कुणी सांगितलंच नव्हतं की खेळ कानाचा आहे, आणि सांगितलं असतं तरी ते सांगणं ऐकायला कान कुठे होता?

सेंटरमध्येही हेच. मॅडम कॉम्प्युटरकडे आणि माझ्या हाताकडे बघणार. आई माझ्या समोर, मॅडमच्या खुर्चीला लागून, तिला मॅडमचं बोट दिसणार. बोट दाबलं की आईचे डोळे मोठे. टपकन मणी डब्यात. मॅडम आवाज कमी करणार, पुन्हा बोट, पुन्हा डोळे, पुन्हा मणी. अजून कमी. पुन्हा मणी. आणि आवाज वाढवायची वेळ आली की आईच्या कपाळावर आठ्या, पोरीला त्रास तर नाही ना होणार. त्या आठ्या बघून मी चकतीच ओढून काढायची. त्यामुळे खालचं माप नको इतकं खाली आणि वरचं मापही खाली. "फारच छान ऐकतेय हो ही," मॅडम म्हणाल्या, आणि त्या मापावर माझा कान बसवून मला घरी पाठवलं. त्या दिवशी आईने मला घाटकोपर स्टेशनजवळ उसाचा रस पाजला.

मग महिने गेले. आई बोलत राहिली, भेंडी, बांगडा, मोहरी, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. "आई" यायचं. "बाबा" यायचं. "दे" यायचं. बाकी सगळ्याला "आआ". पाण्याला "आआ", चपलेला "आआ", जिग्नाबेनच्या मांजरालाही "आआ". माझ्यानंतर ज्यांची ऑपरेशनं झाली ती मुलं सेंटरच्या जिन्यात एकमेकांना नावाने हाका मारायला लागली होती. कागदावर मी त्यांच्यापेक्षा चांगलं ऐकत होते. मॅडम तो कागद बघायच्या, मला बघायच्या, माझ्यामागे उभं राहून माझं नाव घ्यायच्या, मी वळायचे नाही, आणि त्या पुन्हा कागद बघायच्या. आत्याचं मत पक्कं होतं. "हट्टी आहे ती. आपल्या घराण्यात आहे तो हट्ट. बोलेल तेव्हा सगळं एकदम बोलेल." बाबा माझ्या कानाच्या बॅटऱ्या काढून पुसायचे, तारा तपासायचे, चकती उन्हाकडे धरून बघायचे. यंत्रात बिघाड असता तर त्यांनी तो काढलाच असता.

शेवटी मॅडमनी आईला समोर बसवून सांगितलं. "हे बघा अनघाची आई, मी गोड बोलणार नाही. अजून थोडे महिने बघू. नाही आलं, तर बोलणं हा हिचा रस्ता नाही असं धरून चालू. खुणांची भाषा आहे, तीही पूर्ण भाषा आहे, तिच्यात कमीपणा काही नाही. पण कुठलीतरी एक भाषा या पोरीला लवकर मिळायला हवी. हिच्या डोक्यात विचार आहेत आणि ते ठेवायला भांडं नाहीये. वय आपल्यासाठी थांबत नाही." आईने मान हलवली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. एरवी आई एकेक दुकान मला सांगायची, हे चपलांचं, हे मिठाईचं, ही शाळा सुटली, हा कुत्रा झोपला. त्या दिवशी भांडुप गेलं, नाहूर गेलं, आईने एकही दुकान सांगितलं नाही. तिचं तोंड बंद होतं. मी तिच्या हनुवटीला धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं, तर तिने माझा हात खाली ठेवला.

त्याच सुमाराला मुलुंडात डोळ्यांची साथ आली. बिल्डिंगमध्ये आधी जिग्नाबेनचे डोळे आले, मग वॉचमनचे, मग आईचे. लालभडक, सकाळी चिकटून बसलेले. आणि दुसऱ्या दिवशी मॅपिंगची वेळ. बाबा म्हणाले, पुढची तारीख घेऊ. आई म्हणाली, मेले तरी जाणार. मग बाबांनी स्कूटरवर घालायचा आपला काळा गॉगल तिच्या नाकावर चढवला. तो तिला इतका मोठा होता की सारखा घसरायचा. अशा अवतारात, पदराने नाक पुसत, माझ्यापासून लांब बसून आई बसने घाटकोपरला आली, सोबतीला आत्या. मॅडमनी तिला बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, माझ्या बाकीच्या मुलांना लागण करणार का तुम्ही? बसा तिकडे, समोरच बसा, पण कशालाही हात लावू नका."

मी खुर्चीत बसले. मणी गालाला टेकवला. आईकडे बघितलं. आईच्या जागी दोन काळ्या काचा. त्यात मला मीच दिसत होते, दोन अनघा, दोघींच्या गालाला मणी. मॅडमनी बोट दाबलं. काचा तशाच. पुन्हा दाबलं. मी मणी घट्ट धरून काचांकडे बघत राहिले. मान पुढे काढून बघितलं, वाकून बाजूने बघता येतं का ते बघितलं. मॅडम आवाज वाढवत गेल्या असणार, मला काय कळतंय. मी गॉगलमधून आई शोधत होते. मागे बसलेल्या आत्याचा धीर सुटला. "अगं टाक की. येतं ना तुला सगळं."

मॅडमनी आत्याला हाताने थांबवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग मी जिकडे बघत होते तिकडे त्यांनी बघितलं, गॉगलकडे. मग परत माझ्याकडे. उठल्या, आईजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा उठा. खुर्ची फिरवा. भिंतीकडे तोंड करून बसा. काय वाटेल ते झालं तरी वळायचं नाही." आईची पाठ दिसल्यावर मी रडायला लागले. मॅडमनी मला रडू दिलं. रडून झालं तेव्हा माझ्यासमोर बघण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, नुसता डबा. आणि मग, मला ते अजून आठवतं, हे मात्र कुणी सांगितलेलं नाही, डोक्याच्या आत टुक् झालं. मी दचकले. पुन्हा टुक्. मी डब्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि मणी टाकला. मॅडमनी डोळे मिटले. स्क्रीनवरचा आकडा आतापर्यंतच्या मापाच्या कितीतरी वर होता.

"म्हणजे इतके दिवस ही आवाजावर टाकतच नव्हती," मॅडम म्हणाल्या. "तुमचे डोळे बघून टाकत होती."

आई भिंतीकडे तोंड करूनच बसली होती. ती घाबरली की तिच्या तोंडून मालवणी येते. "म्हंजे इतके म्हयने मी भिंतीवांगडा बोलत होतंय?" ती म्हणाली. भेंडी, बांगडा, मोहरी, सगळं आठवलं असणार तिला. ती गॉगलखाली रडत होती आणि डोळे आल्यामुळे तिला ते पुसताही येईनात.

मॅडम तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. लागण वगैरे विसरून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "भिंतीशी नाही. अर्धं पोचलंय. जोरातलं पोचलंय, बारीक राहिलंय. आणि चूक तुमची एकटीची नाही. मी तुम्हाला तिच्यासमोर बसूच द्यायला नको होतं. कागद चांगला दिसला आणि मीही भुलले." मग त्या आत्याकडे वळल्या. आत्या अगदी लहान होऊन बसली होती. "म्हणजे मी हिची तयारी करून घेतली हेच चुकलं म्हणायचं," ती म्हणाली. "हो," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या परीक्षेत कोरा पेपर म्हणजे नापास. इथे तसं नाही, आत्या. ऐकू आलं नाही, हेसुद्धा बरोबर उत्तर आहे. ते उत्तर द्यायला तुम्ही तिला शिकवलंच नाहीत."

आत्याला तोंडावर असं बोललेलं खपत नाही. पार्ल्यात तिच्याशी वाद घालायला भाजीवालेही कचरतात. पण ती पुढच्याच शनिवारी आली ती नवीन क्लास घेऊन. आईला बाहेरच्या खोलीत हाकललं. मला भिंतीकडे बसवलं. मागे उभं राहून कधी चमचा वाजवायची, कधी नुसताच हवेत हलवायची. न वाजवता मी दाणा टाकला तर काही नाही. न वाजवता मी दाणा धरून ठेवला तर मात्र पुढे येऊन टाळ्या आणि खोबऱ्याचा तुकडा. शांततेला बक्षीस देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आत्या आज गोष्ट सांगते ती इथून सुरू करते, आधीचं सगळं गाळून.

सेंटरमध्ये मॅडमनी माझा कान पहिल्यापासून बसवायला घेतला. आईची पाठ माझ्याकडे, माझ्या हातात मणी. एकदम नाही, हळूहळू, दर खेपेला थोडं थोडं वर. चमत्कार बिमत्कार काही झाला नाही. उलट मी वैतागले. घरात आवाजांचा इतका कचरा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पंखा बोलतो, प्लॅस्टिकची पिशवी किंचाळते, आईची चप्पल फरशीवर फटफट करते, नळ, झाडू, बाबांचं पेपर उलटणं. मोहरी तडतडली तेव्हा मी ओट्यापासून पळाले. कान ओढून काढला आणि कपाटाला चिकटवून आले. आईने तो परत आणून चिकटवला आणि मला कडेवर घेऊन कढईत मोहरीचे चार दाणे टाकले. "मोहरी. मोहरी तडतडली." पुन्हा चार दाणे. त्या दिवशी आमच्या भाजीत मोहरी दिसेल तिकडे होती. बाबा निमूट जेवले.

आई बोलतच होती, फक्त आता ती घाबरत बोलायची. मधेच थांबून मला विचारायची, आलं? आलं ना? आणि विचारताना पुन्हा माझ्या समोर यायची, खाली वाकायची, चेहरा दाखवायची. सवयच तशी. मॅडम ओरडायच्या, "मागून बोला, बाजूने बोला, भांडी घासताना बोला. चेहरा लपवा." स्वतःच्या पोरीपासून चेहरा लपवणं कुठल्या आईला जमेल? आता तर गंमतच आहे. हल्ली तिलाच कमी ऐकू येतं, मशीन लाव म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करते, आणि मी तिच्यासमोर वाकून, चेहरा दाखवून, मोठ्याने सांगते. ती म्हणते, ओरडू नकोस, कळतं मला तुझ्या तोंडावरून.

शब्द आले ते असे मागच्या दाराने आले. "आआ"ला हळूहळू कडा फुटल्या. पाण्याचं "पाई" झालं, मग "पानी". चपलेचं "चप". मांजराला "माऊ" म्हटलं तेव्हा जिग्नाबेन मांजर घेऊन आमच्या दारात आल्या आणि त्यांनी माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, मांजर कंटाळून निघून जाईपर्यंत. पण मॅडमचं समाधान होत नव्हतं. त्या म्हणायच्या, "हे तुम्ही शिकवलेले शब्द आहेत. मूल शिकवलेल्या शब्दांवर बोलत नाही हो. मोठी माणसं आपापसांत बोलत असतात, त्यातलं उचलून बोलतं. तिच्यासाठी नसलेलं काहीतरी हिने उचललं, की मी सुटले." आई विचारायची, आणि नाहीच उचललं तर? मॅडम म्हणायच्या, तेव्हाचं तेव्हा बघू. ते थोडे महिने आता संपत आले होते आणि त्या दोघींनाही ते माहीत होतं.

मे महिन्यात आईच्या माहेरून कुणीतरी फणसपोळी आणून दिली. ज्याने ती खाल्ली नाही त्याला काय सांगणार. फणसाचा रस उन्हात वाळवून केलेली, दाताला चिकटणारी, हाताला चामड्यासारखी लागणारी ती वस्तू माझा जीव की प्राण होती. तोपर्यंत मला तिचं नाव येत नव्हतं. डब्याकडे बोट आणि "दे", एवढ्यावर काम भागायचं. त्या दुपारी आत्या आली होती. ती आणि आई आत स्वयंपाकघरात. मी बाहेरच्या खोलीत, दाराकडे पाठ करून, फरशीवर मण्यांची आगगाडी लावत होते. पंखा चालू होता. आई आत्याला म्हणाली, अगदी हळू, कारण लहान मूल झोपलेलं असलं की बायका जशा बोलतात तशी तिची मूळचीच पट्टी, "ताई, फणसपोळी आलीय गावाहून. रव्याच्या डब्यामागे ठेवलीय. हिला कळू देऊ नका, सगळी संपवेल."

मी मणी लावता लावता म्हटलं, "फणपोई. मला."

आत एकदम सगळं थांबलं. मग आई दारात आली. आत्या तिच्यामागे. मी वळले नव्हते, माझ्या आगगाडीचा एक डबा कमी पडत होता. आत्या आईचा दंड धरून म्हणाली, "पाठ आहे गं तिची. वैशाली, पाठ आहे आपल्याकडे."

आई उंबऱ्यातच खाली बसली. मग म्हणाली, "ताई, आता या घरात हळू बोलायचीसुद्धा सोय राहिली नाही." आणि रडायला लागली. आत्याही रडायला लागली, हे आत्या आता मान्य करत नाही. मग आई पदराने तोंड पुसत उठली आणि आत गेली. त्या दोघी का रडत होत्या ते मला कळलं नाही, आणि त्यांच्या तोंडाकडे मी बघितलंही नाही. मला रव्याचा डबा सरकल्याचा आवाज आला होता.